कोप बांधणारा कोपाबाहेर

या वेळी चार पत्रं आलीत. त्यातल्या एकाने माझी झोप उडवली, त्यामुळे बाकीच्या तिघींनी रागावू नये, तुमचं शेवटी उरकते.

पत्र टेक्सासमधल्या प्लेनोहून आलंय. लिहिणारी लातूरची लेक, सासर औसा तालुक्यातलं. माझ्या मुलीच्या वयाची आहे, म्हणून तिला अगं-तुगंच करते. ती लिहिते:

"डिसेंबरात मुद्दाम येळवस साधून गावी गेलो. मुलाला, वय १५, शेत, कोप, आंबील सगळं दाखवायचं होतं. पूजा झाली, पंगत बसली. आमचा सालगडी आणि त्याची बायको लिंबाखाली वेगळे बसले. त्यांचे ग्लास आखाड्याच्या (शेतातल्या घराच्या) देवळीत, म्हणजे कोनाड्यात, वेगळे ठेवलेले असतात. मुलाने विचारलं, हे इकडे का बसत नाहीत? अण्णा (सासरे) हसून म्हणाले, त्यांना तिकडंच बरं वाटतं. मुलगा ताटावरून उठला आणि सगळ्यांदेखत इंग्रजीत म्हणाला, आजोबा रेसिस्ट आहेत. तेव्हापासून तो व्हिडिओ कॉलवर येत नाही. अण्णा रोज विचारतात, लेकरू कुठंय. तसं आमच्या घरात जातपात कुणी मानत नाही हो, अण्णांचा स्वभाव फार प्रेमळ आहे. आजोबा-नातवात समेट कसा घडवू?"

कोकणातल्या आणि विदर्भातल्या वाचकांसाठी सांगते. येळवस म्हणजे वेळा अमावस्या, मार्गशीर्षातली. लातूर-धाराशिवकडे त्या दिवशी गावात चिटपाखरू नसतं, सगळे शेतात. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, करायची, आत पांडव म्हणून पाच दगड मांडायचे, आणि वाटेने जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारून भज्जी-आंबिलीला बसवायचं. वाटसरूला बोलावणारा सण आहे हा. आता सांग बाई, त्या दिवशी कोप कुणी बांधली होती? पत्रात तू लिहिलं नाहीस, पण मला माहीत आहे. ज्याने बांधली, तो लिंबाखाली बसला होता.

तू घाबरली आहेस, ते मला समजतं. जवळपास नऊ हजार मैलांवरून दोन आठवड्यांसाठी यायचं, प्रत्येक दिवस मोजून खर्चायचा, आणि नेमकं सणादिवशी पोराने ताट लोटायचं. बावीस वर्षं बर्मिंगहॅममध्ये काढली मी, त्या दोन आठवड्यांचं ओझं मला ठाऊक आहे. अण्णांचंही वाईट वाटतं. पण तुझं पत्र मी तीनदा वाचलं. त्यात मुलाला काय वाटलं ते आहे, अण्णांना काय वाटतं ते आहे, तुला काय वाटतं ते तर पानभर आहे. लिंबाखालच्या दोघांना काय वाटलं असेल, यावर एक ओळ नाही. आणि तुझे यजमान? ते त्या पंगतीत होते का, की फोटो काढत होते?

"घरात जातपात कुणी मानत नाही" हे वाक्य मला दर महिन्याला एका तरी पत्रात सापडतं. माणूस लिहितो काय आणि करतो काय, याची गाठ पडत नाही, हे फार जुनं आहे. रिचर्ड लापियर नावाच्या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने एका चिनी जोडप्याला घेऊन अमेरिकाभर प्रवास केला. तेव्हा तिकडे चिन्यांबद्दल उघड तिटकारा होता. अडीचशेच्या वर हॉटेलं आणि खाणावळी झाल्या, नकार मिळाला फक्त एका ठिकाणी. नंतर त्याच जागांना त्याने पत्रं पाठवली, चिनी गिऱ्हाईक घ्याल का? उत्तर देणाऱ्यांपैकी ९० टक्क्यांहून जास्त जणांनी नाही म्हणून कळवलं. हे १९३४ साली छापून आलं. त्यांचं कागदावर वाईट आणि वागण्यात बरं होतं. आपलं उलटं असतं, एवढाच फरक.

आता "स्वभाव". मुलगा म्हणतो आजोबा रेसिस्ट, तू म्हणतेस स्वभावाने प्रेमळ. दोघंही अण्णांच्या काळजात डोकावताय, देवळीकडे कुणी बघत नाही. दुसऱ्याच्या वागण्याचं कारण त्याच्या स्वभावात शोधायचं आणि भोवतालच्या परिस्थितीकडे डोळेझाक करायची, ही खोड माणसाला आहेच. तिकडे वाढलेल्या पोरांना ती जास्त लागते. जोन मिलर या संशोधक बाईंनी शिकागो आणि म्हैसूर इथल्या लोकांना ओळखीच्या माणसांच्या वागण्याची कारणं विचारली होती, १९८४ चा अभ्यास आहे. आठ वर्षांच्या मुलांत दोन्हीकडे फारसा फरक नव्हता. पण वय वाढत गेलं तसे अमेरिकी लोक "तो तसाच आहे" म्हणू लागले आणि आपल्याकडचे "त्याची वेळ तशी होती" म्हणू लागले. तेव्हा पोराच्या तोंडी शिक्का आला याचं नवल नको. पण "परिस्थिती" म्हणून आपण जी पळवाट काढतो तीही नको. परिस्थिती बघायचीच तर त्या सालगड्याची बघ. पाडव्याला साल ठरतं. उचल आधीच घेतलेली असते, ती लेकीच्या लग्नात नाहीतर दवाखान्यात गेलेली असते. उचल अंगावर असलेला माणूस मालकाला काय सांगणार, मला कोपीत बसायचंय? "त्यांना तिकडंच बरं वाटतं" याचा अर्थ एवढाच.

मग करायचं काय? माझे जुने वाचक आता हसतील, आली बाई पाण्याच्या टाकीवर. आलेच.

१९५४ चा उन्हाळा. ओक्लाहोमात, म्हणजे तुमच्या शेजारच्याच राज्यात, रॉबर्स केव्ह नावाच्या रानात मुझफ्फर शेरीफ या मूळच्या तुर्की मानसशास्त्रज्ञाने अकरा-अकरा वर्षांच्या २२ मुलांचं शिबिर भरवलं. दोन टोळ्या केल्या, रॅटलर्स आणि ईगल्स. बेसबॉल, रस्सीखेच, बक्षिसं. आठवडाभरात एकमेकांचे झेंडे जाळण्यापर्यंत मजल गेली. मग समेट करायला त्यांना एकत्र जेवायला बसवलं, सिनेमे दाखवले. पोरांनी एकमेकांवर अन्न फेकलं. (समेट म्हणून अण्णांना आणि पोराला एका टेबलावर बसवायचा तुझा बेत असेल, तर ही पंगत लक्षात ठेव.) शेवटी शेरीफच्या माणसांनी शिबिराचं पाणी बंद पाडलं. टाकीच्या तोटीत गोणपाटाचा बोळा निघाला. तहानलेल्या दोन्ही टोळ्यांनी मिळून तो काढला. मग जेवणाची गाडी बंद पडली, ती सगळ्यांनी दोराने ओढली, आणि दोर रस्सीखेचीचाच होता. अशी चार-सहा कामं झाली आणि परतताना पोरांनी एकाच बसमधून जायचं ठरवलं. खरं तर शेरीफचा आदल्या वर्षीचा असाच प्रयोग फसला होता, कारण कितीही काड्या घातल्या तरी मुलं भांडायलाच तयार नव्हती. ते मला त्याहून आवडतं.

पण टाकी आपल्याला पुरत नाही. ती सगळी गोरी, एकसारख्या घरांतली पोरं होती. मालक कुणी नव्हतं आणि सालगडी कुणी नव्हतं. गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाने त्याच वर्षी लिहून ठेवलं की नुसत्या भेटीगाठींनी पूर्वग्रह जात नाही. दोघांची पायरी एक हवी, काम सामाईक हवं, ते एकमेकांच्या मदतीने व्हायला हवं, आणि ज्याचा शब्द चालतो त्याचा पाठिंबा हवा.

हे पुस्तकात वाचायच्या आधी मी ते केजजवळच्या आमच्या गावात पाहिलं होतं. आजीच्या गोठ्यातही देवळी होती आणि देवळीत कान तुटलेली कपबशी. माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, शाळामास्तर. रोज संध्याकाळी आजीला समतेवर व्याख्यान द्यायचे. आजी मान डोलवायची, "खरंय बाबा" म्हणायची आणि कपबशी धुऊन पुन्हा देवळीत ठेवायची. मग बहात्तरचा दुष्काळ आला. मी नऊ वर्षांची. विहिरी आटल्या, गुरं चारणीला धाडली, आणि वाड्याचा उंबरा न ओलांडलेली आमची आजी डोक्यावरून पदर ओढून पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला बसली. तिच्या टोळीत वस्तीतली एक मावशी होती. मोजमाप टोळीचं व्हायचं, त्यामुळे एकीचा हात थांबला की दोघींची मजुरी बुडायची. आजीला हातोडी धरता येत नव्हती, मावशीने शिकवली. कामावर खायला मिळायची ती सुकडी एकाच पदरात घेतली, पाणी एकाच डेऱ्यातलं प्यायल्या. पाऊस झाल्यावर मावशी एकदा घरी आली, तर आजीने तिला घरातल्या कपात चहा दिला. दादा बघतच राहिले. आजी म्हणाली, "वर्सभर हिच्या घमेल्यात हात घातला, आता कपानं काय व्हतंय?"

मी ही गोष्ट इथेच संपवून टाळ्या घेते, नेहमीच. आज पुढचंही सांगते. आठ दिवसांनी त्याच वस्तीतले एक काका आले आणि आजीचा हात देवळीकडे गेला. मी विचारलं, तर म्हणाली, "ती येगळी. ती आपली हाय." एका माणसाला अपवाद करून बाजूला काढलं की बाकीच्यांबद्दलचं मत जसंच्या तसं ठेवता येतं. म्हणून काम एकदा करून भागत नाही. ती कपबशी आजी गेल्यावर माझ्या आईने उचलून उकिरड्यावर टाकली. आईने आयुष्यात एकही व्याख्यान दिलं नव्हतं.

आणि मीही काही धुतल्या तांदळाची नाही. बर्मिंगहॅमला शेजारच्या पाकिस्तानी बाईंसाठी माझ्याकडे काचेचे दोन ग्लास वेगळे होते. "पाहुण्यांचे" म्हणायचे मी त्यांना. माझ्या लेकीने, तीही तेव्हा पंधराचीच, विचारलं, मग लीनाच्या आईला स्टीलचा का देतेस? मला उत्तर सुचलं नाही.

तर आता ऐक. पहिलं काम तुझ्या यजमानांचं. उद्या ते शेत त्यांचं आहे, तिथे त्यांचा शब्द चालतो. त्यांनी अण्णांना फोन करून एवढंच म्हणावं, देवळीतले ग्लास काढा, आखाड्यावर एकसारखे डझनभर घेऊन ठेवतो. वाद नको, व्याख्यान तर अजिबात नको. अण्णा कुरकुरतील. कुरकुरू देत. अस्पृश्यता राज्यघटनेने १९५० साली मोडीत काढली, त्यात आजोबांसाठी सवलत ठेवलेली नाही.

मुलाला सांग, तू बरोबर विचारलंस. हे आधी सांग, "पण" न जोडता. शिक्का मात्र परत घ्यायला लाव, कारण शिक्का मारला की माणूस त्याला चिकटून बसतो. फोनवर त्याने अण्णांना प्रश्न विचारावेत. तुमचा तालुका किल्लारीच्या भूकंपाचा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, आदल्या दिवशी गणपती बोळवून लोक झोपले होते, तेव्हा अण्णा कुठे होते? नंतर पत्र्याच्या शेडमध्ये कुणाच्या हातचं पाणी प्यायले, ढिगाऱ्यातून कुणी कुणाला ओढून काढलं? आणि घरं पुन्हा उभी राहिल्यावर पाण्याचं काय झालं? यातला शेवटचा प्रश्न त्याने विचारायचा आणि गप्प बसायचं.

पुढच्या येळवसला दोन दिवस आधी जा. कोप पोराने बांधायची, आणि सालगड्याने त्याला शिकवायची. अण्णांनी कडबा हाती द्यायचा. ऑस्टिनला, तुमच्यापासून तीन-चार तासांवर, इलियट अॅरन्सन या मानसशास्त्रज्ञाने १९७१ मध्ये शाळेत हेच केलं होतं. गोरी, काळी आणि मेक्सिकन पोरं तेव्हा नुकतीच एका वर्गात आली होती. धड्याचे तुकडे करून प्रत्येकाला एकेक दिला, दुसऱ्याकडून शिकल्याशिवाय धडा पुरा होईना. तुमच्या पोराला कोप बांधता येत नाही, हे तुझ्या हातातलं भांडवल आहे. ते वापर. आणि पंगत बसेल तेव्हा तू आधी वाढायला न उठता त्या बाईशेजारी जाऊन बस.

एवढं करूनही अण्णा बदलतील याची हमी मी देत नाही. आजी बदलली नाही, मी सांगितलंच.

जाता जाता आणखी एक. तुमच्या मंडळात नवा माणूस आला की नाव कळल्यावर आडनाव विचारतात ना, आणि आडनावाने समाधान झालं नाही तर "मूळ गाव कुठलं"? सिएटलने २०२३ मध्ये भेदभावविरोधी कायद्यात जात घातली, ती उगाच नाही.

आता बाकीच्या.

लंडनच्या ताई, स्टेशनवर पिशवी फाटली आणि कुणी थांबलं नाही म्हणून "इथली माणसंच थंड" असं तुम्ही लिहिलंत. डार्ली आणि बॅटसन या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये पाद्री व्हायला निघालेल्या विद्यार्थ्यांवर प्रयोग केला होता. वाटेत विव्हळणारा माणूस बसवला. वेळ हाताशी असलेल्यांपैकी ६३ टक्के थांबले, उशीर झालेल्यांपैकी १० टक्के. आठ-बावन्नची गाडी होती, म्हणताय ना?

म्युनिकच्या ताई, होय, देवनागरी शिकवा. कधीपासून हे विचारण्यात दोन वर्षं गेली आहेत तुमची.

मेलबर्नच्या ताई, येळवसची भज्जी तिकडेही होते. तुरीचे आणि वालाचे दाणे फ्रोझन मिळतात, हरभरा ओला नसला तर भिजवून घ्या, बेसन आणि चिंच नेहमीसारखं. आंबिलीला ज्वारीचं पीठ ताकात रात्रभर ठेवायचं, ताक आंबटच हवं. आणि चार घरांना बोलवाल तर दाणे सोलायच्या वेळेलाच बोलवा.