नऊ दिवसांच्या सहलीसाठी सात वर्षांचा हप्ता?

नमस्कार ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. आकडे तुम्ही इतके नीट लिहून पाठवलेत की सल्ला देणं सोपं झालं. प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही पुण्यात राहता. घरात तुम्ही दोघं, नऊ आणि तेरा वर्षांची मुलं, सासू-सासरे, अशी सहा माणसं. नाताळच्या सुट्टीत कोल्हापूर, मालवण, गोवा, गोकर्ण आणि जोग धबधबा असा नऊ दिवसांचा बेत आहे. हातातली आठ वर्षं जुनी छोटी गाडी सहा जणांना पुरत नाही. म्हणून ती 3 लाखांना देऊन, 2 लाखांची एफडी मोडून आणि 9 लाखांचं कर्ज काढून 14 लाखांची सात आसनी गाडी घ्यावी, असं तुमच्या मिस्टरांना वाटतं. टॅक्सीला चाळीस हजार घालवण्यापेक्षा तेच पैसे हप्त्यात जातील, हा त्यांचा मुद्दा.

माझं मत सुरुवातीलाच सांगतो. सहल करा, आणि याच वर्षी करा. गाडी मात्र या सहलीसाठी घेऊ नका.

मिस्टरांचं म्हणणं मी उडवून लावत नाही. भाड्याच्या गाडीचा हिशोब खरंच टोचणारा असतो. तुम्हाला किलोमीटरला 14 रुपये भाव मिळालाय आणि दिवसाला किमान 300 किलोमीटरची अट आहे. म्हणजे गाडी नऊ दिवसांत साधारण 1,600 किलोमीटर धावली तरी बिल 2,700 किलोमीटरचं लागेल. 37,800 रुपये भाडं आणि रोज 500 प्रमाणे ड्रायव्हरचा भत्ता धरून 42,300. स्वतःच्या गाडीत, लिटरला 14 किलोमीटर आणि पेट्रोल 105 रुपये धरलं, तर हाच प्रवास 12,000 रुपयांच्या इंधनात होतो. टोल दोन्हीकडे सारखाच. थोडक्यात, स्वतःची गाडी असेल तर एका सहलीमागे तीस हजार वाचतात.

आता दुसरी बाजू. 9 लाखांवर 9 टक्के दराने सात वर्षांसाठी महिन्याचा हप्ता येतो सुमारे 14,480 रुपये. एकूण व्याज 3 लाख 16 हजार, त्यातलं 2 लाख 85 हजार पहिल्या पाच वर्षांतच जातं. 14 लाखांच्या ऑन-रोड किमतीत रोड टॅक्स आणि विमा आहे, तो गाडी विकताना परत मिळत नाही. विमा कंपन्या पाच वर्षांच्या गाडीचं मूल्य ठरवताना निम्मा घसारा, म्हणजे वापराने उतरलेली किंमत, धरतात. त्या हिशोबाने गाडीचे तेव्हा सहा लाखांच्या आसपास येतील असं समजू, म्हणजे घट आठ लाखांची. जुनी गाडी ठेवली असती तरी तिची किंमत दोनेक लाखांनी उतरलीच असती, ते वजा करा. तरी नव्या गाडीचा जादा भार पाच वर्षांत पावणेनऊ लाखांच्या वर जातो, वर्षाला सुमारे पावणेदोन लाख. तो वसूल व्हायला अशा नऊ दिवसांच्या सहा सहली दरवर्षी कराव्या लागतील. तुम्हीच लिहिलंय की मिस्टर ऑफिसला दुचाकीने जातात आणि गाडी रविवारीच बाहेर निघते.

मला जास्त काळजी महिन्याच्या ताळेबंदाची वाटते. हातात येणारा पगार 1,15,000. त्यातून घराचा हप्ता 34,000, घरखर्च आणि शाळा 48,000, सासू-सासऱ्यांची औषधं आणि आरोग्य विमा 6,000, म्युच्युअल फंडातली दरमहाची गुंतवणूक म्हणजे एसआयपी 15,000. उरतात 12,000. हप्ता आहे 14,480. म्हणजे पहिल्याच महिन्यात एसआयपीला कात्री लागणार, आणि एकदा कमी केलेली एसआयपी पुन्हा वाढवणारी माणसं मी फार कमी पाहिली आहेत. शिवाय 4 लाखांच्या एफडीतले 2 लाख काढले, तर आज साडेचार महिन्यांचा खर्च भागवणारी रक्कम जेमतेम सव्वादोन महिन्यांवर येते. घरात 72 आणि 68 वर्षांची दोन माणसं आहेत. त्या एफडीला हात लावू नका. या एका मुद्द्यावर मी हटून बसेन.

शोरूमवाले जीएसटी कमी झाल्याचं सांगून घाई करतायत, असं तुम्ही लिहिलंय. 22 सप्टेंबर 2025 पासून छोट्या गाड्यांवरचा कर 18 टक्क्यांवर आला हे खरं. पण ती सवलत चार मीटरपर्यंतच्या आणि ठरावीक इंजिन क्षमतेच्या गाड्यांना. तुम्ही निवडलेली गाडी चार मीटरपेक्षा लांब आहे, तिच्यावर 40 टक्के लागतो. आणि टोलच्या वार्षिक पासचं म्हणाल, तर 15 ऑगस्ट 2025 ला 3,000 रुपयांत सुरू झालेला तो पास कुठल्याही खासगी गाडीला मिळतो. तुमच्या जुन्या गाडीलाही.

मग सहल कशी बसवायची? सासऱ्यांना एकदा सिंधुदुर्ग किल्ला पाहायचाय, हे वाक्य तुम्ही पत्राच्या शेवटी सहज लिहिलंत. मला तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. त्यांचे गुडघे साथ देतायत तोवर हे व्हायला हवं. त्यासाठी मी इतर ठिकाणं कमी करेन. जोग आधी वगळा. शरावतीचं पाणी वर लिंगनमक्की धरणात अडतं, डिसेंबरात धबधबा अगदी बारीक असतो. तो पावसाळ्यात बघण्याचा. जोग नाही म्हटल्यावर गोकर्णही पुढच्या खेपेला ठेवता येईल. नाताळात गोव्यातल्या खोल्यांचे भाव चढलेले असतात, म्हणून मुक्काम वेंगुर्ल्यात करा आणि पणजी, जुनं गोवं एका दिवसात पाहून परत या.

असे सात दिवस होतात. पहिली रात्र कोल्हापुरात, अंबाबाईचं दर्शन घेऊन. मग घाट उतरून तीन रात्री मालवणला आणि दोन वेंगुर्ल्याला. परतीला आंबोलीमार्गे पुणे. हा शेवटचा दिवस लांबचा आहे, पहाटे निघा. सिंधुदुर्गाला सकाळच्या पहिल्या होड्यांपैकी एखादीने जा. ऊन कमी असतं आणि होडीत चढता-उतरताना मागच्या गर्दीची घाई नसते. गगनबावड्याचा घाट की फोंडा घाट, हे निघण्याआधी चौकशी करून ठरवा.

खर्च असा: गाडी आणि भत्ता 32,900, टोल-पार्किंग 3,000, सहा रात्रींच्या दोन खोल्या 2,300 दराने 27,600, जेवणखाण माणशी रोज 650 प्रमाणे 27,300, होडी आणि इतर 6,000. बेरीज 96,800. तुमच्याकडे सहलीसाठी 80,000 बाजूला आहेत, जायला अजून दोन महिने आहेत आणि महिन्याला 12,000 उरतात. म्हणजे 1,04,000. कर्ज नाही, क्रेडिट कार्डवर थकबाकी नाही. नाताळात मालवण-वेंगुर्ल्यालाही भाव चढतात, तेव्हा खोल्या आजच धरा. हॉटेलऐवजी घरगुती निवास पाहिलेत तर सासूबाईंना जेवणही सोसेल.

गाडीवाल्याशी एकदा घासाघीस जरूर करा. दोन-तीन रात्री एकाच गावात मुक्काम आहे, तेव्हा रोजची अट 250 किलोमीटरवर आणा म्हणावं. मान्य झालं तर 4,900 रुपये वाचतील. ओळखीतल्या कुणाची गाडी 9 रुपयांनी मिळतेय म्हणालात, ती पांढऱ्या पाटीची असेल तर नको. खासगी गाडी भाड्याने चालवताना अपघात झाला तर विमा कंपनी दावा नाकारू शकते, आणि तेव्हा गाडीत तुमची सहा माणसं असतील. पिवळ्या पाटीचीच गाडी घ्या. दर, भत्ता, टोल कुणाकडे आणि गोव्याचा परमिट कर कुणाकडे, हे व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून मागा.

मिस्टरांची मोठ्या गाडीची इच्छा मनातच राहू देऊ नका, तिला तारीख द्या. सहलीनंतर जानेवारीपासून दर महिन्याला 12,000 वेगळ्या आवर्ती ठेवीत टाका. तीन वर्षांत 4 लाख 32 हजार मुद्दल जमेल, वर व्याज. तोवर जुनी गाडी अकरा वर्षांची होईल आणि बदलायची वेळ खरोखर आलेली असेल. तेव्हा कर्ज आजच्या नऊ लाखांपेक्षा कमी लागेल. तेही पाच वर्षांतच फेडायचं. त्या वेळी मी आनंदाने हो म्हणेन.

आणि निघताना सासू-सासऱ्यांच्या आरोग्य विम्याची कार्डं सोबत घ्या. कोल्हापूर आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यात कॅशलेस सोय कुठल्या रुग्णालयांत आहे, याची यादी विमा कंपनीकडून आधीच मागवून मिस्टरांच्या आणि तुमच्या, दोन्ही फोनवर ठेवा.