गोव्यात राहिलेल्यांनी काय केलं?

वाचकांचे प्रश्न, बाईंची उत्तरं

प्रश्न : नमस्कार बाई. मी कॉलेजात शिकतो. गोव्याच्या सांस्कृतिक परंपरेवर प्रकल्प करतोय. केसरबाई, मोगूबाई, मास्टर दीनानाथ, अभिषेकीबुवा अशी यादी केली. पण ही सगळी माणसं इथून गेली आणि बाहेर मोठी झाली. मग गोव्यात राहून गोवा घडवला कोणी? – एक विद्यार्थी, डिचोली

उत्तर : बाळा, यादी तुझी बरोबर आहे आणि खंतही. नाटक मंडळ्या, मैफली ठेवणारे रसिक, ध्वनिमुद्रण सगळं मुंबईकडे होतं, आणि इथे 1961पर्यंत पोर्तुगीज राजवट. केरीच्या केसरबाई, कुर्डीच्या मोगूबाई गेल्या नसत्या तर त्यांचं गाणं जगाला कळलं नसतं. शिवाय गेलेल्यांनी गोवा टाकला नाही. मुंबईच्या गोमंतकीयांनी 1919मध्ये स्थापन केलेल्या गोवा हिंदू असोसिएशनने पुढे ‘रायगडाला जेव्हा जाग येते’, ‘मत्स्यगंधा’, ‘नटसम्राट’ रंगभूमीवर आणली.

काही जण परतलेही. ब. द. सातोस्करांनी 1962मध्ये इथे येऊन ‘गोमंतक’ दैनिकाचं पहिलं संपादकपद सांभाळलं, आणि ‘गोमंतक : प्रकृती आणि संस्कृती’ हा ग्रंथ खंडाखंडांनी लिहिला. तो ग्रंथ आधी वाच, मग प्रकल्पाला हात घाल. कोंकणी लेखक रवींद्र केळेकर प्रियोळला राहून लिहीत राहिले. ज्ञानपीठ त्यांना तिथेच शोधत आलं. बोरीच्या बा. भ. बोरकरांना मराठी वाचक आपले म्हणतात. साहित्य अकादमीचा पुरस्कार मात्र त्यांच्या ‘सासाय’ या कोंकणी संग्रहाला मिळाला. त्यांना एकाच रकान्यात बसवू नकोस.

पण तुझ्या प्रश्नाचं खरं उत्तर यांच्यापेक्षा देवळाच्या मांडवात आहे. जत्रा असो, शिगमा असो, आमच्याकडे नाटक झाल्याशिवाय उत्सव झाला असं कोणाला वाटत नाही. मी फोंडा तालुक्यातल्या शाळेत शिकवायची तेव्हा आमच्या वाड्यावरचे तालीम मास्तर दिवसा शिलाई मशीन चालवायचे आणि रात्री पोरांना उभं करायचे. घरात कोंकणी बोलणारी ती पोरं पानभर लांबीचं मराठी स्वगत एका दमात म्हणायची. उच्चार कुठे घसरला की मास्तर पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावत. माझ्या व्याकरणाच्या तासाला जे साधलं नाही ते त्या तालमींनी साधलं, हे मी आनंदाने सांगते. पेटीवाला, पडद्याआडून वाक्यं पुरवणारा, चेहरे रंगवणारा, पावती पुस्तक घेऊन दारोदार फिरणारा, यांची नावं कुठल्याच कोशात नाहीत. कला अकादमीच्या नाट्यस्पर्धेत उतरणारी गावोगावची मंडळं याच मातीतली आहेत.

म्हणून तुझा प्रकल्प तुझ्याच गावात कर. सत्तरी ओलांडलेला एखादा नट गाठ. ‘आठवणी सांगा’ म्हणालास तर तो दोन वाक्यांत आटपेल. त्याऐवजी विचार : स्त्रीभूमिका कोण करायचं? पदांच्या चाली कोणी बसवल्या? नाटकाचं पुस्तक कुठून आणलं? दिवे कसले होते? त्याच्याकडे हाताने उतरवलेली नाटकाची वही असेल तर परवानगी घेऊन पानन् पान मोबाइलवर टिपून घे, जुन्या फोटोतल्या प्रत्येकाचं नाव मागे पेन्सिलीने लिहून ठेव.

घाई कर एवढंच सांगते. मोगूबाईंचं कुर्डी गाव साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की तिथले लोक सोमेश्वराच्या देवळाकडे जमतात, कोणाचं घर कुठे होतं ते मुलांना दाखवतात. गाव बुडूनही त्यांना ते दाखवता येतं, कारण सांगणारी माणसं अजून आहेत. तुझं गाव तर जागेवर आहे.

प्रश्न : बाई, सातवीच्या मुलांना एक दिवस पणजीत न्यायचं आहे. किल्ले, चर्च बघून झालेत. कला-साहित्याचं काय दाखवू? – एक शिक्षिका, वाळपई

उत्तर : सकाळी पाटोवरच्या मध्यवर्ती ग्रंथालयात जा. त्याची सुरुवात 1832ची, हे मुलांना आधी सांगा. तिथून मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या दालनातल्या निळ्या फरशांवरची चित्रं, आणि मग चार्ल्स कोरिया यांनी उभारलेली कला अकादमी. एवढं पुरे, जास्त कोंबू नका. बसमध्ये केसरबाईंची ‘जात कहाँ हो’ लावा. साडेतीन मिनिटांची भैरवी आहे. 1977मध्ये व्हॉयेजर यानासोबत अंतराळात गेलेल्या तबकडीवर ती आहे हे गाणं संपल्यावर सांगा, आधी नको. ग्रंथालयात मात्र दोन-चार दिवस आधी फोन करून ठेवा. मोठा गट असेल तर बसायची सोय बघावी लागते.