व्हिनेगरमधली सुरमई

प्रश्न : मेक्सिकोतला ‘पेस्कादो एन एस्काबेचे’ (व्हिनेगरच्या रसात मुरवलेला तळलेला मासा) घरी केला. सुरमईचा चुरा झाला, गाजरही लिबलिबीत. कुठे चुकलं? व्हिनेगर आहे म्हणजे लोणच्यासारखा बाहेर टिकेल का? आणि डाएटला चालेल का?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : सुरमई निवडलीत ते उत्तम. तिकडे हा पदार्थ ‘सिएरा’चा करतात, तो सुरमईचा सख्खा भाऊबंद. चुरा होतो तो ओल्या तुकड्या तळल्यामुळे आणि घाईने उलटल्यामुळे. अर्धा किलोच्या दीड सेंटिमीटर जाडीच्या तुकड्यांना दीड छोटा चमचा मीठ आणि मिरपूड लावून २० मिनिटं ठेवा. सुटलेलं पाणी कापडाने नीट टिपा. पाव वाटी तेलात प्रत्येक बाजू तीनेक मिनिटं तळा. तुकडी तव्याला धरून असेल तोवर उलथनं लावू नका.

तुकड्या काढून त्याच तेलात सहा लसूणपाकळ्या, दोन कांद्यांच्या चकत्या, एक गाजर आणि तीन जाड मिरच्या दोनच मिनिटं परता. लसूण करपला की सगळं कडू. एक वाटी व्हिनेगर, अर्धी वाटी पाणी, मिरी, ओरेगॅनो घालून पाच मिनिटं उकळा. आपलं तमालपत्र दालचिनीच्या वासाचं, तिकडचं वेगळं. म्हणून एकच पान पुरे. रस कोमट झाल्यावर माशावर ओता. उकळता ओतलात तर तुकडी पुन्हा शिजते आणि फुटते. भांडं काचेचं किंवा स्टीलचं, ॲल्युमिनियमचं नको. फ्रिजमध्ये रात्रभर मुरू द्या.

बाहेर मात्र अजिबात ठेवू नका. फ्रिजमध्ये तीन-चार दिवस, बस. सुरमई-बांगडा उबेत राहिला की त्यात हिस्टामाइन नावाचं त्रासदायक रसायन तयार होतं; ते तळून जात नाही, व्हिनेगरनेही नाही. तोंड लाल होतं, डोकं ठणकतं. गणेश पेठेतून मासळी घेतलीत तरी बर्फ सोबत न्या.

पोषणाचं म्हणाल, तर चौघांत वाटल्यास माणशी साधारण २० ग्रॅम प्रथिनं आणि ओमेगा-३ मिळतं. व्हिनेगरचे उष्मांक नगण्य. पाव वाटी तेलाचे मात्र माणशी १२० च्या आसपास, म्हणून वरचं तेल निथळून वाढा. मीठही माणशी दोन ग्रॅमच्या घरात जातं, आणि दिवसाची मर्यादा पाचच ग्रॅमची. रक्तदाब असेल तर मीठ निम्मं करा. गरोदर बाईसाठी मोठ्या सुरमईऐवजी बांगडा घ्या, त्यात पारा कमी असतो.