सुपरहीरोच्या पोस्टरवर काय ठेवावे, काय गाळावे?

प्रश्न : डिचोली तालुक्यातल्या आम्हा मित्रांनी तासाभराचा एक सुपरहीरोपट पूर्ण केला आहे. खनिजाचा ट्रक चालवणाऱ्या तरुणाला पुराचे पाणी हातांनी थोपवून धरण्याची शक्ती मिळते, अशी त्याची कथा आहे. पोस्टर मी करणार आहे. त्यावर सर्व पात्रे, ट्रक, स्फोट आणि पणजीचा अटल सेतू हे सगळे यावे, असा दिग्दर्शकांचा आग्रह आहे. मला मात्र काळ्या पार्श्वभूमीवर केवळ नायकाचे चिन्ह ठेवावेसे वाटते. छापील पोस्टर आणि मोबाइल या दोन्हींचा विचार करता काय योग्य ठरेल?
– एक वाचक, डिचोली

उत्तर : केवळ चिन्हावर भागवण्याचा आपला विचार 1989 च्या ‘बॅटमॅन’च्या पोस्टरची आठवण करून देतो. काळ्यावरच्या त्या सोनेरी वटवाघळाला चित्रपटाच्या नावाचीही गरज पडली नाही, हे खरे. परंतु ते पात्र 1939 पासून कॉमिक्समधून वाचकांसमोर होते आणि पन्नास वर्षांची ओळख त्या चिन्हाच्या पाठीशी होती. आपल्या नायकाला अजून कोणी ओळखत नाही. नवख्या नायकाच्या पोस्टरने हा माणूस कोण आणि त्याला काय करता येते, हे एका नजरेत सांगायला हवे, आणि दिग्दर्शकांच्या यादीतले जे यांपैकी काहीच सांगत नाही ते गाळायला हवे. स्फोट कोणत्याही सुपरहीरोचा असू शकतो, म्हणून तो नको. कथा डिचोलीत घडत असेल, तर अटल सेतूचेही प्रयोजन नाही. ट्रक मात्र अवश्य ठेवावा, कारण नायकाचे रोजचे आयुष्य त्यातच आहे. इतर पात्रांसाठी हवे तर स्वतंत्र पोस्टर करावे.

सर्वाधिक वेळ नायकाच्या आकृतीवर खर्च करावा. गोव्याच्या शिगमोत्सवातल्या घोडेमोडणी या नृत्यात कमरेला घोड्याची प्रतिकृती बांधून तलवार उगारलेला नर्तक चेहरा दिसण्याआधीच ओळखू येतो, तो त्याच्या बाह्याकृतीमुळे. आपला नायक संपूर्ण काळ्या रंगाने भरून अंगठ्याच्या नखाएवढा करून पाहावा. तेवढ्यातही पसरलेले हात आणि त्यांच्यापुढे थबकलेले पाणी कळले, तर मांडणी साधली. हात छातीसमोर आले की ते धडात मिसळून जातात, तेव्हा ते देहापासून सुटे, बाजूला ठेवावेत. छायाचित्र घेताना कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर असावा, म्हणजे क्षितिज खाली जाऊन माणूस भव्य दिसतो. फार रुंद कोनाची लेन्स जवळून वापरू नये, त्याने पाय मोठे आणि डोके लहान होते. पाण्याचे चित्र वेगळे जोडणार असाल, तर त्यातला उजेड ज्या बाजूचा आहे, त्याच बाजूने नटावर दिवा लावावा. जोडकाम उघडे पडते ते बहुधा येथेच.

निळा आणि नारिंगी हे जुळे आता फार वापरून झाले आहे. आपल्याकडे खाणीची तांबडी धूळ आणि पावसाळ्यातले गढूळ पाणी असताना तेच रंग पोस्टरभर राखावेत, असे मला मनापासून वाटते.

नावाच्या अक्षरांना धातूची चकाकी आणि जाड कडा दिल्या की देवनागरीतल्या वेलांट्या, रफार आणि अनुस्वार आधी बुजतात. त्यापेक्षा अक्षरे हाताने रेखाटावीत आणि शिरोरेषा हीच थोपवलेल्या पाण्याची पातळी मानावी : वर पाणी, खाली अक्षरे. असे नाव चित्रावर चिकटवलेले न वाटता कथेचाच भाग होते.

छपाईसाठी 27 × 40 इंचांचा आकार चित्रपटगृहांच्या प्रथेत बसतो. फाइल सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शायांच्या रंगपद्धतीत करून चारही बाजूंना 3 मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापताना जाणारा चित्राचा जादा भाग, सोडावे. पडद्यावर झळकणारा निळा किंवा हिरवा प्रकाश कागदावर मंदावतो आणि गडद भागातले बारकावे एकमेकांत मिसळतात, म्हणून संपूर्ण छपाईआधी नायकाचा चेहरा आणि पाण्याची कड एवढाच तुकडा त्याच कागदावर मूळ आकारात छापून घ्यावा. मोबाइलसाठी 1080 × 1920 पिक्सेलची उभी मांडणी नव्याने करावी. मोठे पोस्टर नुसते कापू नये. तिच्यात श्रेयनामावली वाचता येणार नाही, तेव्हा नायक, नाव आणि प्रदर्शनाची तारीख एवढेच ठेवावे आणि ही अक्षरे वरच्या व खालच्या कडेपासून पुरेशी आत घ्यावीत, कारण तेथे ॲपची बटणे येतात.