धुळ्यात गच्चीवर ल्युपिनची फुलं बियांपासून येतील का? दोनदा लावली, एकही बी उगवलं नाही

येतात, ताई. पण आपल्याकडे ती हरभऱ्याच्या हंगामात येतात, एरवी नाही. तुम्ही लिहिलंय की पाकिटावरच्या सूचनेप्रमाणे एकदा मार्चमध्ये लावली आणि एकदा जूनमध्ये पहिल्या पावसावर. शेतातली काळी माती, त्यात निम्मं गांडूळखत, रोज सकाळी पाणी. घोटाळा तिथेच झाला. ती सूचना थंड मुलखातल्या माणसासाठी छापलेली असते. त्यांच्याकडे मार्चमध्ये बर्फ वितळतो, आपल्याकडे मार्चमध्ये माळ्यावरून कूलर खाली येतो.

मी अमळनेरचा. वडिलांची हरभरा आणि दादर ज्वारीची शेती, माझी फक्त गच्ची. ल्युपिनचा हा माझा पाचवा हिवाळा. पहिल्या दोन हिवाळ्यांत माझ्याही कुंड्या रिकाम्याच राहिल्या. नाही म्हणायला एका ऑनलाइन विक्रेत्याकडून आलेल्या ‘सप्तरंगी ल्युपिन’च्या पाकिटातून काहीतरी दणक्यात उगवलं होतं. मी पंधरा दिवस त्याचे फोटो काढले. मग आईने पाहिलं आणि म्हणाली, हा तांदुळजा आहे. त्याची भाजी केली, चांगली झाली.

तिसऱ्या वर्षी खरं रोप आलं तेव्हा तिने परत कुंडीत डोकावून विचारलं, “हाई कसानं झाड शे?” (हे कसलं झाड आहे?) मी म्हटलं, हरभऱ्याच्या भावकीतलं. तर म्हणे, मग हरभऱ्यासारखं वागव ना त्याला, गुलाबासारखं कशाला वागवतोस? माझं अर्धं उत्तर तिथेच आहे. ल्युपिन शेंगवर्गातलं. सोटमूळ खोल जातं, जागा बदललेली खपत नाही, पाणी साचलं की मर लागते, नत्र जास्त झालं की नुसता पाला वाढतो. सगळे गुण हरभऱ्याचे. फक्त मातीच्या बाबतीत ही भावकी फुटते, ते पुढे सांगतो.

आधी जात बघा. इंटरनेटवर ज्या उंच, दुरंगी तुऱ्यांचे फोटो दिसतात ते बहुतेक रसेल ल्युपिन. इंग्लंडमध्ये यॉर्कला जॉर्ज रसेल नावाचे माळी होते. त्यांनी दोनेक दशकं एकेक रोप निवडून आणि नावडतं उपटून हा वाण घडवला, आणि १९३७ साली लंडनच्या प्रदर्शनात तो लोकांसमोर आला. फार देखणा आहे. पण तो बहुवर्षायू. पहिल्या वर्षी बहुधा पानंच, फुलं दुसऱ्या वर्षी. मधला आपला मे महिना त्याने काढायचा कसा? जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ला टेकतो, तिथे केळीला वारारोधक शेवरी लावावी लागते, ल्युपिनचं काय घेऊन बसलात. तोरणमाळला कुणाचं घर असेल तर त्याने रसेलचा नाद करावा. आपण धुळे-अमळनेरवाल्यांनी वर्षायू जाती घ्याव्यात. मैदानी भागात हिवाळी फूल म्हणून हार्टवेगी ल्युपिन लावतात, त्याचं बी मिळालं तर उत्तम. माझी आवड मात्र टेक्सासची निळी जात, लुपिनस टेक्सेन्सिस. तिकडे तिला ब्लूबॉनेट म्हणतात. ते त्या राज्याचं फूल आहे: १९०१ साली एका जातीला मान दिला, मग १९७१ साली तिथल्या सगळ्याच जातींना दिला. ही चुनखडीच्या जमिनीत वाढलेली पोर आहे. बाकी बहुतेक ल्युपिनांना किंचित आंबट माती लागते, हिला आपला चुना चालतो. तुऱ्याला रसेलची ऐट नाही, फूट-सव्वा फुटाचं झाड, पण येतं तरी.

आता बी. तुमच्या बिया उगवल्या नाहीत यात मुहूर्ताइतकाच दोष टरफलाचा आहे. टेक्सासचं बी हातात घेतलं तर बारीक खडाच वाटतो, करडा-तपकिरी, ठिपक्याठिपक्यांचा. टरफल इतकं घट्ट की पाणी आत शिरत नाही. झाडाच्या दृष्टीने हे शहाणपण आहे: सगळ्या बिया एकाच पावसाला उगवल्या आणि पुढे ताण पडला तर वंश बुडाला. म्हणून काही बिया दोन-दोन, चार-चार वर्षं मातीत पडून राहतात. आपल्याला तेवढा धीर कुठला.

हार्डवेअरच्या दुकानातून दहा-पंधरा रुपयांचा पॉलिश पेपर आणा, मध्यम खरखरीत. रिकाम्या काडेपेटीला आतून चारी बाजूंनी तो चिकटवा, खरखरीत बाजू आत. बिया घाला, पेटी बंद करा आणि टीव्ही बघत पाच-सात मिनिटं खुळखुळ्यासारखी हलवत बसा. बियांची चकाकी गेली की झालं. वीसेक बियाच असतील तर मी सरळ नेलकटर घेतो आणि डोळ्याच्या, म्हणजे बी शेंगेला चिकटलेलं असतं त्या खुणेच्या, उलट बाजूला टरफलाचा जेमतेम टवका काढतो, आतली पांढुरकी डाळ दिसेल इतकाच. डोळ्याकडून कापलं तर अंकुरच जातो. मग रात्रभर कोमट पाण्यात. सकाळी वाटीत सरळ दोन गट दिसतात. काही बिया भिजल्या मटकीसारख्या टचटचीत फुगलेल्या, दुप्पट झालेल्या. काही तशाच खडा. खडा राहिलेल्यांना पुन्हा टवका काढून पुन्हा पाण्यात. चोवीस तासांपेक्षा जास्त ठेवू नका, आंबतात. आणि फडक्यात बांधून मोड आणायच्या भानगडीत पडू नका. मोड सुरेख येतो, पण तो लावताना हमखास तुटतो, आणि सोटमुळाचं टोक गेलं की रोप खुरटतं.

फ्रिजमध्ये महिनाभर ठेवा वगैरे सूचना रसेलसाठी असतात, ब्लूबॉनेटला गरज नाही.

लावायचं कधी? उगवायला मातीचं तापमान १५ ते २१ अंशांच्या आसपास हवं. आपल्याकडे दसऱ्याला थंडीची नुसती चाहूल असते, त्यात ऑक्टोबरचं ऊन. मी कोजागिरी उलटल्यावर बिया खरवडायला घेतो आणि दिवाळीच्या मागेपुढे लावतो. नखभर खोल, म्हणजे सेंटिमीटरभर. आठ-दहा दिवसांत हालचाल दिसते, काही बिया तीन आठवडे घेतात, कुंडी उपसू नका. हरभरा आपल्या डाळी जमिनीतच ठेवून येतो, हे मात्र वालासारखं दोन्ही डाळिंब्या डोक्यावर घेऊन वर येतं. त्या इतक्या जाड आणि हिरव्यागार असतात की पहिल्यांदा बघणाऱ्याला भलतंच काहीतरी उगवल्यासारखं वाटतं. त्यानंतर खरं पान: एका देठावर पाच बोटं पसरलेला पंजा. डिसेंबरात सकाळी सातला गच्चीवर गेलात तर प्रत्येक पंजाच्या बरोबर मध्यात दवाचा एकच थेंब बसलेला असतो. बोटांवर बारीक लव असते, तिच्यामुळे पाणी पसरत नाही. देठाला टिचकी मारली तरी तो थेंब जागेवर डुलतो, पडत नाही. माझ्या मते फुलांपेक्षा हीच बघायची गोष्ट आहे.

कुंडी खोल हवी. बारा इंच तरी. रुंदी कमी चालेल. शेवटच्या जागीच बी टाका. अगदीच खारूताईचा त्रास असेल (माझ्याकडे आहे, ती फुगलेलं बी बरोबर हेरते) तर वर्तमानपत्राच्या उभ्या नळ्या करून त्यात लावा आणि चार पानांवर नळीसकट कुंडीत उतरवा. कागद कुजतो, मुळाला कळतही नाही.

आता माती. आपली काळी कसदार, पण भिजली की फुगते, सुकली की भेगाळते, आणि वर चुनखडीची. हरभऱ्याला ती मानवते, ल्युपिनला नाही; ब्लूबॉनेटला चुना चालला तरी साचलेली ओल चालत नाही. शेतात खाली ओल मुरायला जागा असते, कुंडीत काळी माती म्हणजे लोण्यासारखा चिखल. माझं मिश्रण असं: दोन घमेली नर्सरीतली लाल माती, एक घमेलं नदीची जाड वाळू, एक घमेलं कोकोपीट, ओंजळभर दोन वर्षांचं जुनं शेणखत. गांडूळखताचं प्रमाण तुम्ही निम्मं ठेवलंत ते फार झालं. युरिया तर हातातही घेऊ नका. मुळांवरच्या गाठींमधले जीवाणू हवेतलं नत्र धरतात, हेही हरभऱ्यासारखंच. पण कृषी केंद्रातून हरभऱ्याचं जीवाणू खत आणून चोळायला जाल तर उपयोग नाही. हरभऱ्याचे जीवाणू वेगळे, ल्युपिनचे वेगळे. मी एक वर्ष चोळलं, झाड उपटल्यावर मुळं कोरी करकरीत.

पाण्याचं दुखणं त्याहून मोठं. तुमच्याकडे बोअरचं पाणी असेल तर कूलरच्या जाळीवर, गिझरच्या कॉइलवर पांढरा थर चढतो ना, तोच रोज थोडा थोडा कुंडीत साठतो. मग कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. चुनखडीच्या रानात भुईमूग पिवळा पडतो, तीच तऱ्हा. लोह मातीत असतं, पण मुळाला घेता येत नाही. चिलेटेड लोहाची (झाडाला घेता येईल अशा रूपातल्या लोहाची) हलकी फवारणी केली की आठवड्याभरात पान सावरतं. हिराकसही (फेरस सल्फेट) चालतं, फक्त लिटरला दोन-तीन ग्रॅमच्या वर जाऊ नका आणि उन्हात फवारू नका, पानं करपतात. पावसाचं पाणी ड्रममध्ये धरलं असेल तर ते ल्युपिनसाठी राखून ठेवा. एसीच्या नळीचं चालेल, पण हिवाळ्यात एसी कोण लावतं! आरओच्या नळीतून बाहेर पडणारं टाकाऊ पाणी मात्र अजिबात नको, त्यात क्षार आणखी दाटलेले असतात. आणि रोज पाणी नको. बोट दोन पेरं मातीत घाला, कोरडं लागलं तर द्या.

रोगराईचं थोडक्यात: रोप लहान असताना मातीलगत कुजून आडवं होतं, ते जास्त पाण्याने. जानेवारीत ढगाळ हवा आली की तुऱ्यावर मावा बसतो. पाण्याच्या फवाऱ्याने झाडा, नाही हटला तर निंबोळी अर्क. उशिरा भुरी (पानांवरची पांढरी बुरशी) येते, तोवर हंगाम संपतच आलेला असतो, मी काही करत नाही.

लावल्यापासून तीन-साडेतीन महिन्यांनी, साधारण महाशिवरात्रीच्या सुमाराला, तुरा रंग धरतो. फुलं खालून वर उमलत जातात. ब्लूबॉनेटच्या प्रत्येक निळ्या फुलाच्या वरच्या पाकळीवर एक पांढरी टिकली असते. फूल पाचेक दिवसांचं झालं की ती टिकली लालसर-जांभळी होते. मधमाश्या पांढऱ्या टिकलीवर जातात, लाल झालेल्या फुलात फारसं काही उरलेलं नसतं हे त्यांना ठाऊक असतं. त्यामुळे एकाच तुऱ्यावर खाली कुंकू आणि वर पांढरी टिकली असा प्रकार आठवडाभर दिसतो. बायकोने हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिला वाटलं मी रंग लावून ठेवलाय. पहिला तुरा संपत आला की शेंगा धरायच्या आत खुडा, बगलेतून दुसरे लहान तुरे येतात. होळीनंतर मात्र काहीही केलंत तरी झाड माना टाकतं. त्याला तुमची चूक समजू नका.

घरात लहान मुलं असतील तर एक गोष्ट आजच सांगून ठेवा. शेंग लवदार, मटाराची धाकटी बहीण दिसते, आणि आपल्याकडे गच्चीवरची शेंग दिसली की पोरं सोलून तोंडात टाकतात. ल्युपिनच्या बियांत कडू विषारी अल्कलॉइड असतात. भूमध्य समुद्राकाठी पांढऱ्या ल्युपिनचे दाणे खातात हे खरं, पण ते उकडून, कित्येक दिवस पाणी बदलत कडूपणा काढून. शोभेच्या जातींवर तो प्रयोग नको. उपटलेली झाडंही शेळीपुढे टाकू नका.

बी धरायचं तर एका-दोन झाडांचे तुरे ठेवा. शेंग पिवळी पडून वाजायला लागली की तिला मलमलच्या फडक्याची पुरचुंडी बांधा, कारण दुपारच्या उन्हात ती टक्कन फुटते, दोन्ही सालं पिळवटतात आणि बी पार शेजारच्या गच्चीवर. मी बी धरलं त्या पहिल्या वर्षी अकरा बिया टाकीखालून वेचल्या होत्या. कागदी पाकिटात घालून कोरड्या डब्यात ठेवल्या की दिवाळीपर्यंत चिंता नाही.

तुमच्याकडे जुन्या पाकिटातल्या बिया उरल्या असतील तर फेकू नका. चार-पाच तळहातावर घेऊन, बाजूला एक हरभऱ्याचा दाणा ठेवून फोटो टाका. रसेल आहे की वर्षायू ते दाण्यावरून पक्कं सांगता येत नाही, पण तांदुळजा असेल तर नक्की सांगेन.