एकच छोटासा शब्द अजिबात संबंध नसलेल्या भाषांमध्ये वेगळ्याच अर्थाने कसा सापडतो? मुळात सगळं संस्कृतच ना?

प्रश्नाचा शेवटचा तुकडा वाचला आणि हात शिवशिवले, कारण हे वाक्य आमच्या घरात दर सणाला पुरणपोळीसोबत वाढलं जातं. तर नाही. सगळं संस्कृत नाही.

माझा भाचा तिबिलिसीला एमबीबीएस करतोय, म्हणजे जॉर्जिया देशात (अमेरिकेतलं राज्य नव्हे, सोसायटीत प्रत्येकाला सांगावं लागतं). तिकडे पाठवा असं मीच सुचवलं होतं. इथल्या प्रायव्हेट कॉलेजची फी ऐकून दाजींचं बीपी वाढलं होतं, तरी आजही ऐकवतात की मामाच्या नादी लागून पोरगं लांब गेलं. असो. तर गेल्या गेल्याच त्याचा व्हिडिओ कॉल आला, पोट धरून हसत होता. घरमालकाची चिमुरडी 'मामा, मामा' ओरडत जिना उतरली, ह्याला वाटलं हिचा मामा आला वाटतं, बघतो तर दारात घरमालकच. जॉर्जियनमध्ये मामा म्हणजे बाप! आणि आई म्हणजे देदा. दाजी समोरच जेवायला बसले होते, मी लगेच स्पीकर ऑन केला, म्हटलं दाजी ऐका, त्या देशात तुमचा हुद्दा माझ्याकडे आलाय. ताई हसली, दाजी नाही. भाकरी मोडता मोडता म्हणाले, "शब्द आपलाच, संस्कृतातून गेला तिकडे, जाता जाता अर्थ बदलला."

आता काय बोलायचं ह्याला. जॉर्जियन संस्कृतच्या घराण्यातली नाहीच, शेजारच्या रशियनच्याही नाही, तिचं कार्तवेली नावाचं छोटंसं वेगळंच घराणं आहे, लिपीसुद्धा स्वतःची. आणि मुख्य म्हणजे संस्कृतात मामाला म्हणतात मातुल. गीतेच्या पहिल्याच अध्यायात अर्जुनाला समोर कोण कोण उभं दिसतं त्या यादीत 'मातुलान्' आहे, उघडून बघा. दाजींचा पंधरावा अध्याय तोंडपाठ आहे, पहिल्यापर्यंत बहुतेक पोचले नसावेत.

'मा'चं कारण साधं आहे. ओठ मिटून उघडले की तो आवाज होतो, दूध पिताना बाळ नाकातून तसंच काहीतरी गुणगुणतं, आणि समोरची मोठी माणसं ठरवून टाकतात की हे मलाच म्हणालं. रोमान याकोबसन ह्या भाषातज्ज्ञाचा १९६० सालचा लेखच आहे ह्यावर. बहुतेक ठिकाणी आईने बाजी मारली, जॉर्जियात बापाने, आपल्याकडे आईच्या भावाने. पुण्यात चौकातल्या ट्रॅफिक पोलिसानेसुद्धा.

बाकीच्या छोट्या शब्दांचं म्हणाल तर एक व्यंजन आणि एक स्वर जोडून होणारे आवाज मोजकेच, भाषा सात हजारांच्या आसपास, आणि रोजचे शब्द सगळ्यांनाच आखूड हवेत, मग टक्कर होणारच की. आपला 'मी' हिब्रूत गेला की 'कोण' होतो, थाईत 'जवळ असणं', चिनीत सूर बरोबर लागला तर तांदूळ. अर्थ जुळला तरी नातं निघत नाही. जपानीत प्रश्नाच्या शेवटी 'का' येतो, अगदी आपल्या 'येतोस का' सारखा, आणि ऑस्ट्रेलियातल्या म्बाबारम ह्या आदिवासी भाषेत कुत्र्याला डॉगच म्हणायचे, तेही इंग्रजांकडून न घेता. निव्वळ योगायोग.

हां, एक राहिलं, म्हणजे सगळंच योगायोग असं नाही हं. संस्कृत मातृ, फारसी मादर, इंग्रजी मदर ही खरीच भावंडं, कारण तिथे एकटादुकटा शब्द नाही, ढीगभर शब्द ठरावीक नियमाने जुळतात. आणि अण्णा, अक्का आपण कानडीकडून घेतले, ती उसनवारी. तुम्ही तुमचा शब्द कुठला तेच लिहिलं नाहीत, त्यामुळे तुमच्या बाबतीत ह्यातलं काय ते तुम्हीच बघा.

आणि फॅमिली ग्रुपवर कोणी 'सर्व भाषांची जननी' वगैरे फॉरवर्ड केलं तर निबंध लिहीत बसू नका, नुसतं 'मातुल' टाका. मी टाकलं. निळ्या टिका आल्या, उत्तर नाही. पोरगं चौथ्या वर्षाला पोचलंय, एकही विषय राहिलेला नाही, हेसुद्धा कधीतरी ग्रुपवर टाका म्हणावं दाजी.