विंडोज ११ वर एसक्यूएल सर्व्हरचा सेटअप शेवटच्या टप्प्यावर पडतो? मशीन बदलण्याआधी हे बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : गोव्यात वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात आयटीचे सगळे तुम्ही एकटे बघता. ईआरपीसाठी, म्हणजे कारखान्याचा स्टॉक-हिशेब सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी, नवा टॉवर आला, त्यात विंडोज ११ प्रो आणि एनव्हीएमई प्रकारची वेगवान एसएसडी डिस्क. ईआरपीचा डेटा ज्यात राहतो त्या मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर २०१९ स्टँडर्डचा सेटअप जवळजवळ शेवटपर्यंत जातो आणि ‘वेट ऑन द डेटाबेस इंजिन रिकव्हरी हँडल फेल्ड’ असे दाखवून थांबतो. काढून पुन्हा टाकून झाले, विंडोज नव्याने घालून झाले, तरी तेच. ईआरपीवाला म्हणतो, मशीन खराब आहे, बदलून घ्या. आणि चवथीला (गणेश चतुर्थीला) कारखाना बंद व्हायच्या आत हे चालू झालेच पाहिजे.

मशीन बदलू नका. वर्णनावरून माझा पहिला संशय एसएसडीच्या सेक्टरच्या, म्हणजे डिस्क एका वेळी लिहिते त्या तुकड्याच्या, आकारावर आहे. तो बरोबर निघाला तर तासाभराचे काम आहे. पण नुसत्या संशयावर रजिस्ट्रीला (विंडोजच्या सेटिंगांच्या साठ्याला) हात लावायचा नाही, आधी लॉग, म्हणजे काय घडले याची नोंदवही, वाचायचा. मी फोंड्याला असतो आणि कुंडई, वेर्णा, पिळर्ण इथल्या कारखान्यांचे आणि किनाऱ्यावरच्या काही हॉटेलांचे सर्व्हर सांभाळतो. या कामात सर्वांत जास्त वेळ कशात वाया जाताना दिसतो, तर लॉग न उघडता सेटअप पुन्हा पुन्हा चालवण्यात.

तो संदेश नेमका काय सांगतो ते आधी समजून घ्या. सेटअप सगळ्या फाइली जागेवर ठेवतो, मग डेटाबेस इंजिनची, म्हणजे डेटा सांभाळणाऱ्या मुख्य प्रोग्रामची, सर्व्हिस पहिल्यांदा सुरू करतो आणि तिच्याकडून ‘डेटाबेस सावरून झाले, मी तयार आहे’ असा इशारा येण्याची वाट बघतो. इशारा येण्याआधीच सर्व्हिस बंद पडली, तर सेटअपला सांगण्यासारखे एवढेच उरते की वाट पाहिली आणि कोणी आले नाही. सर्व्हिस का पडली हे सेटअपला ठाऊकच नसते. ते इंजिनाने स्वतःच्या लॉगमध्ये लिहिलेले असते. म्हणून पडद्यावरचा संदेश गूगलवर टाकला की दहा ठिकाणी दहा वेगळे उपाय सापडतात. ते दहाही कोणाच्या ना कोणाच्या बाबतीत खरे असतात.

लॉग दोन ठिकाणी आहेत. पहिला सेटअपचा : प्रोग्राम फाइल्समध्ये मायक्रोसॉफ्ट एसक्यूएल सर्व्हर, त्यात १५०, त्यात सेटअप बूटस्ट्रॅप, त्यात लॉग. १५० हा २०१९ चा आकडा. २०१७ ला तिथे १४० असतो आणि २०२२ ला १६०. आत प्रत्येक वेळच्या प्रयत्नाचे तारीख-वेळेच्या नावाचे वेगळे फोल्डर दिसेल. तुमच्याकडे अशी बरीच साठली असणार. त्यातले विंडोज नव्याने घातल्यानंतरचे सर्वांत पहिले फोल्डर उघडा, शेवटचे नाही. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी सेटअप अनेकदा आधीच्या अर्धवट उरलेल्या फाइलींमुळे पडतो, आणि मग आपण भलत्याच रोगावर औषध करत बसतो. त्या फोल्डरातली समरी नावाची फाइल वाचली की कोणता भाग पडला ते कळेल. तुमच्या बाबतीत डेटाबेस इंजिन सर्व्हिसेससमोर ‘फेल्ड’ असेल. तेवढे बघून पुढे चला.

खरा माल दुसऱ्या लॉगमध्ये आहे. त्याच मायक्रोसॉफ्ट एसक्यूएल सर्व्हर फोल्डरमध्ये एमएसएसक्यूएल१५ ने सुरू होणारे, पुढे टिंब देऊन इन्स्टन्सचे (एसक्यूएल सर्व्हरच्या त्या बसवलेल्या प्रतीचे) नाव असलेले फोल्डर, त्यात एमएसएसक्यूएल, त्यात लॉग. तिथे एररलॉग नावाची, पुढे कोणतेही एक्स्टेन्शन नसलेली फाइल असते. ती नोटपॅडमध्ये उघडते. सर्व्हिस दर वेळी सुरू होताना जुनी फाइल एररलॉग टिंब १ होते, त्याच्या आधीची टिंब २, असे. त्यामुळे हवी ती ओळ मागच्या फाइलीतही असू शकते, सगळ्या उघडून बघा. सुरुवातीला आवृत्ती, विंडोजची माहिती, प्रोसेसर, मेमरी अशा साध्या ओळी येतील. त्या सोडून खाली या. ‘देअर हॅव बीन २५६ मिसअलाइन्ड लॉग आयओज’ अशी सुरू होणारी ओळ दिसली, पुढे मास्टर डेटाबेसच्या फाइलीचा मार्ग, आणि त्याखाली आकड्या-अक्षरांचा लांबलचक स्टॅक डंप (प्रोग्राम पडतानाची नोंद), तर माझा संशय खरा.

तरीही एक खात्री आणखी करा. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि एफएसयूटिल, एफएसइन्फो, सेक्टरइन्फो हे तीन शब्द एकेक जागा सोडून टाइप करून पुढे सी आणि विसर्ग-चिन्हासारखा कोलन द्या. येणाऱ्या ओळींपैकी दोनच महत्त्वाच्या : ‘फिजिकल बाइट्स पर सेक्टर फॉर ॲटॉमिसिटी’ आणि ‘फिजिकल बाइट्स पर सेक्टर फॉर परफॉर्मन्स’. तिथे ५१२ किंवा ४०९६ असेल तर हे कारण नाही, खालचा रजिस्ट्रीचा उपाय करूच नका. ८१९२, १६३८४ किंवा ३२७६८ दिसले, तर चोर सापडला.

एसक्यूएल सर्व्हर आपला ट्रान्झॅक्शन लॉग, म्हणजे डेटातल्या प्रत्येक बदलाची नोंद, डिस्कच्या सेक्टरच्या मापाने लिहितो. एक सेक्टर पूर्ण लिहिला जाईल किंवा अजिबात लिहिला जाणार नाही, या भरवशावर त्याची वीज गेल्यावरही डेटा शाबूत ठेवण्याची सगळी व्यवस्था उभी आहे. हे माप तो ५१२ आणि ४०९६ बाइट एवढेच मानतो. एसएसडीने आतून मोठे माप सांगितले तरी विंडोज १० पुढे ४०९६ च दाखवत असे. विंडोज ११ च्या एनव्हीएमई ड्रायव्हरपासून डिस्क जे सांगते तेच पुढे दिले जाऊ लागले. म्हणून तीच एसएसडी विंडोज १० वर मुकाट चालते आणि ११ वर इंजिन उठू देत नाही. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि छोट्या कारखान्यांनी घाईने ११ ची मशीन घेतली, तेव्हा तुमच्यासारखे गोंधळलेले लोक पुष्कळ आहेत. तुमच्या डिस्कमध्ये दोष नाही, हे ईआरपीवाल्याला आणि तुमच्या साहेबांनाही ठामपणे सांगा.

उपाय असा. आधी अर्धवट बसलेला एसक्यूएल सर्व्हर कंट्रोल पॅनेलमधून पूर्ण काढा आणि इन्स्टन्सचे डेटा फोल्डर उरले असेल तर तेही हलवा. रजिस्ट्रीचा बॅकअप घ्या. मग रजिस्ट्रीच्या एचकेएलएम या विभागात सिस्टम, करंट कंट्रोल सेट, सर्व्हिसेस, स्टोरएनव्हीएमई, पॅरामीटर्स, डिव्हाइस इथपर्यंत जा. तिथे ‘फोर्स्ड फिजिकल सेक्टर साइझ इन बाइट्स’ या नावाची, शब्दांमध्ये जागा न सोडता लिहिलेली, मल्टी-स्ट्रिंग प्रकारची नोंद करायची आणि तिची किंमत म्हणून तारका, एक मोकळी जागा आणि ४०९५ टाकायचे. ४०९६ नाही, ४०९५. मायक्रोसॉफ्टने हेच दिले आहे. नाव हाताने टाइप करू नका. ४ केबीपेक्षा मोठ्या सेक्टरविषयी मायक्रोसॉफ्टचे स्वतःचे मदतपान आहे, तिथली कमांड कॉपी करा. एक अक्षर चुकले तर विंडोज तक्रार न करता ती नोंद दुर्लक्षित करते. मग रीस्टार्ट. पुन्हा तीच एफएसयूटिलची कमांड द्या आणि आकडा ४०९६ झाल्याचे डोळ्यांनी बघितल्याशिवाय सेटअपला हात लावू नका.

आकडा बदललाच नाही तर बहुधा तुमची डिस्क विंडोजच्या त्या एनव्हीएमई ड्रायव्हरवर चालतच नाही, मशीनमध्ये रेडचा (अनेक डिस्क एकत्र चालवणाऱ्या RAID चा) किंवा चिपसेटवाल्याचा वेगळा ड्रायव्हर आहे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ते दिसेल. अशा वेळी साधी साटा एसएसडी (एनव्हीएमई नसलेली, केबलने जोडायची) लावा, तिचा सेक्टर ५१२ किंवा ४०९६ असल्याची खात्री करा आणि सेटअपमध्ये डेटा डिरेक्टरी तिथे द्या. सिस्टम डेटाबेसही तिकडेच गेले पाहिजेत, नाहीतर फरक पडणार नाही.

एररलॉगमध्ये सेक्टरची ओळ नसेल तर? तीच फाइल पुढे वाचा. ‘ॲक्सेस इज डिनाइड’ किंवा एरर ५ दिसला तर सर्व्हिस अकाउंटला डेटाच्या फोल्डरवर हक्क नाही, किंवा अँटिव्हायरसने मध्ये हात घातला आहे. एसएसएल किंवा टीएलएसविषयी (जोडणीवरचा डेटा सांकेतिक करणाऱ्या पद्धतींविषयी) काही दिसले तर कोणीतरी सुरक्षेसाठी जुने टीएलएस बंद केले आहे आणि तुमचा सेटअप त्याहून जुना आहे. हे २०१२ आणि २०१४ च्या मूळ आवृत्तींत व्हायचे, २०१९ मध्ये सहसा नाही. एररलॉगची फाइल तयारच झाली नसेल तर इंजिन सुरू होण्याआधीच अडकले आहे, तेव्हा विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरकडे वळा.

डोमेन असलेल्या, म्हणजे सगळी मशीन आणि अकाउंट एका जागेवरून सांभाळली जातात अशा, ठिकाणी एक गोष्ट फार छळते, म्हणून सांगून ठेवतो. सेटअप चालवणाऱ्या अकाउंटला ॲडमिनिस्ट्रेटर असण्यापलीकडे तीन हक्क लागतात : फाइली-फोल्डरांचा बॅकअप घेणे, प्रोग्राम डीबग करणे (चालू प्रोग्रामच्या आत बघणे) आणि ऑडिट व सिक्युरिटी लॉग सांभाळणे. ऑडिटवाले येऊन गेले की ग्रुप पॉलिसीतून (डोमेनच्या एकत्रित नियमांतून) डीबगचा हक्क काढला जातो, आणि मग ॲडमिनिस्ट्रेटर असूनही सेटअप पडतो. ‘हूॲमआय’ पुढे स्लॅश देऊन ‘प्रिव्ह’ लिहिले की आपल्याकडे काय आहे ते दिसते.

काहींना सेटअप सुरुवातीलाच ‘रीस्टार्ट कम्प्युटर’ या नियमावर अडवतो आणि कितीही रीस्टार्ट केले तरी सोडत नाही. कुंडईच्या एका कारखान्यात मी हे जवळून बघितले आहे. रजिस्ट्रीत सेशन मॅनेजरखाली ‘पेंडिंग फाइल रिनेम ऑपरेशन्स’ नावाची नोंद असते. पुढच्या रीस्टार्टला कोणत्या फाइली बदलायच्या किंवा पुसायच्या त्यांची ती यादी. तिथे प्रत्येक वेळी एकाच प्रिंटरच्या ड्रायव्हरच्या तात्पुरत्या फाइलीचा मार्ग दिसत होता. मशीन उठले की त्या प्रिंटरचा अपडेटर जागा होई आणि नवी नोंद टाकी. अपडेटरची सर्व्हिस बंद करून एकदा रीस्टार्ट केल्यावर सेटअप पहिल्या फटक्यात पुढे गेला. ती नोंद सरळ पुसून टाका असा सल्ला सर्रास दिला जातो. मी तो देणार नाही. आत विंडोज अपडेटची नोंद असली तर ती पुसून तुम्ही अपडेट अर्धवट सोडता. आधी मार्ग वाचा, तो कोणाचा ते ओळखा, मग त्याचा बंदोबस्त करा.

दोन बारीक गोष्टी झटकन. सेटअपची आयएसओ फाइल नेटवर्कवरच्या फोल्डरातून चालवू नका, मशीनवर कॉपी करून घ्या. आणि सेटअप चालू असताना टॉवर यूपीएसवरच हवा. पावसाळ्यात आपल्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नसतो, आणि जनरेटर सुरू होईपर्यंतचे ते काही क्षणसुद्धा इन्स्टॉलर अर्धवट सोडायला पुरेसे असतात.

आता पुन्हा टाकणारच आहात तर कोलेशन, म्हणजे अक्षरांची तुलना आणि क्रम ठरवणारे नियम, नीट निवडा. याबद्दल कोणीच सांगत नाही आणि त्रास महिन्यांनी होतो. सेटअप विंडोजचा सिस्टम लोकेल (भाषा-प्रदेशाचे सेटिंग) बघून कोलेशन स्वतःच ठरवतो. लोकेल अमेरिकन इंग्रजी असेल तर ‘एसक्यूएल लॅटिन१ जनरल सीपी१ सीआय एएस’ येते, भारतातल्या इंग्रजीला वेगळे येऊ शकते. ईआरपीचा डेटाबेस एका कोलेशनचा आणि सर्व्हर दुसऱ्याचा असला की साधी कामे चालतात, पण टेम्पडीबी (सर्व्हरचा तात्पुरत्या कामाचा डेटाबेस) वापरणारा एखादा स्टॉकचा रिपोर्ट काढला की ‘कॅनॉट रिझॉल्व्ह द कोलेशन कॉन्फ्लिक्ट’ म्हणून अडतो. सर्व्हरचे कोलेशन नंतर बदलायचे म्हणजे सिस्टम डेटाबेस नव्याने बांधणे, म्हणजे लॉगिन, जॉब सगळे पुन्हा. जुन्या सर्व्हरवर गुणधर्मांत कोलेशन काय आहे ते आजच बघा, ईआरपीवाल्याकडून लेखी विचारून घ्या आणि सेटअपच्या सर्व्हर कॉन्फिगरेशनच्या पानावर कोलेशनच्या टॅबमध्ये तेच द्या. तो टॅब न उघडताच नेक्स्ट दाबले जाते.

इन्स्टॉल झाल्यावर बाकीच्या मशीनवरून जोडणी होत नसेल तर घाबरू नका. स्टँडर्डमध्ये टीसीपी सुरूच असते, विंडोजच्या फायरवॉलमध्ये मात्र १४३३ पोर्ट तुम्हाला उघडावा लागतो. नाव दिलेला इन्स्टन्स सहसा १४३३ ऐवजी वेगळ्या पोर्टवर असतो, तेव्हा तो पोर्ट उघडा, क्लायंटला तो पोर्ट सांगणारी एसक्यूएल सर्व्हर ब्राउझर सर्व्हिस चालू करा आणि यूडीपी १४३४ ही उघडा. ही चाचणी शॉप फ्लोअरवरच्या मशीनवरून करा, सर्व्हरवरूनच नाही.

आज एफएसयूटिलचे ते दोन आकडे आणि एररलॉगच्या शेवटच्या वीस-पंचवीस ओळी प्रश्नाखाली टाका. सर्व्हरचे आणि युजरचे नाव तेवढे खोडा. मी रात्री बघतो. सेक्टरचेच निघाले तर उद्या दुपारपर्यंत ईआरपीवाल्याला डेटाबेस रिस्टोअर करायला बसवता येईल.